नाऱ्याचा अनुमोदक

मराठी माणसाला विरोध करता येत नाही, असं म्हणणाऱ्याला एकदा चाकणच्या एमआयडीसीत आणून आमच्या कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभं करायला हवं. वेळ सकाळी साडेदहाची. नऊची प्रॉडक्शन मीटिंग नुकतीच संपलेली असते. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत तिथं साहेबांच्या योजनेची चिरफाड सुरू होते. ती इतकी मुद्देसूद, इतकी आकडेवारीनिशी आणि इतकी बेधडक चालते, की दिल्लीच्या संसदेनं अभ्यास दौरा काढावा. मेंटेनन्सवाला सांगतो, आपल्या कॉम्प्रेसरची तेवढी ताकदच नाही. स्टोअरचे भाऊ सांगतात, माल कोल्हापूरहून अजून निघालेलाच नाही. डिस्पॅचवाला सांगतो, निघाला तरी उतरवायला जागा कुठाय? टपरीवालाही मधूनच एखादी सूचना करतो आणि ती बहुधा बरोबर असते.

हीच मंडळी थोड्या वेळापूर्वी कॉन्फरन्स रूममध्ये होती. साहेबांनी विचारलं होतं, "कुणाला काही अडचण?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घालून आपापल्या डायरीत काहीतरी फार महत्त्वाचं लिहायला घेतलं होतं.

मला हे इतकं बारकाईनं माहीत आहे, कारण मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडं आहे. मिनिट्स लिहिणाऱ्याची गत लग्नातल्या फोटोग्राफरसारखी असते. तो सगळ्यांना बघतो, त्याला कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही. त्यामुळं डायऱ्यांत नेमकं काय लिहिलं जातं हे मला माझ्या खुर्चीवरून दिसतं. स्टोअरचे भाऊ गणपती काढतात. सोंडेपासून सुरुवात करतात. किरकोळ विषय असला तर सोंड आणि कान एवढ्यावर भागतं. विषय अवघड निघाला तर मुकुट, भिकबाळी, जानवं, मोदकाचं ताट असं सगळं यथासांग होतं. भाऊंनी उंदराला हात घातला की मी समजतो, आज कंपनी मोठ्या संकटात आहे.

बाकीच्यांचे आपापले प्रकार आहेत. कुणी एसीचा रिमोट शोधतो. कुणाला नेमका तेव्हाच खोकला येतो. मशीन शॉपवाला "करून टाकू सर" म्हणतो, पण 'कधी' हा शब्द त्याच्या वाक्याच्या आसपासही फिरकत नाही. आणि एखाद्याच्या तोंडून "पण सर..." निसटलंच, तर तो स्वतःच दचकून "नाही, ते आपण ऑफलाइन घेऊ" म्हणून स्वतःला परत आत ओढून घेतो. हे ऑफलाइन म्हणजे टपरी, हे सगळ्यांना माहीत आहे. साहेबांना सोडून.

याचा अर्थ आमच्या मीटिंगमध्ये वादच होत नाहीत, असं कुणी समजू नये. मध्यंतरी कॅन्टीनच्या पोह्यांचा विषय निघाला होता. पोह्यांत शेंगदाणे असावेत की नसावेत, यावर जी चर्चा झाली तिला तोड नाही. इंदुरी पक्ष, कांदेपोहे पक्ष, तर्रीचा आग्रह धरणारा नागपूरचा एकांडा शिलेदार, आणि "मुळात पोहेच का?" असा मूलगामी सवाल करणारे दक्षिणेकडचे डिझाइन इंजिनिअर. कुणीही कुणाची भीड धरली नाही. साहेबांचं मत तर चक्क बहुमतानं पाडण्यात आलं. त्याच मीटिंगमध्ये त्याआधी काही कोटींची मशीन घ्यायचा विषय होता. तो चहा येण्याआधी संपला.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रजानं १९५७मध्ये याचं गमतीदार वर्णन करून ठेवलंय. त्याच्या गोष्टीतली समिती अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलच्या शेडच्या छपरावर पाऊण तास घालवते. अणुभट्टी कुणालाच कळत नसते, सायकल सगळ्यांनाच येत असते. आमच्याकडं मात्र थोडी वेगळी अडचण आहे. मशीनमधलं आमच्या लोकांना सगळं कळतं. पोह्यांबद्दल बोललं तर इन्क्रिमेंट कापलं जात नाही, एवढंही कळतं.

म्हणून या मौनाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. तो हिशेब आहे. घराचा हप्ता पाच तारखेला जातो, मुलांची फी जूनमध्ये, आणि अप्रेझलचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावलं आणि पुणं सोडलं, हे आपण शाळेपासून अभिमानानं सांगत आलो. पण पुणं सोडायला आधी पुण्यातल्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळावं लागतं.

त्यात आपल्यावर लहानपणापासूनचे संस्कार. "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." ही म्हण आपण नाऱ्याला हसण्यासाठी वापरतो. चांगलं चाललं असताना अपशकुन करणारा तो नाऱ्या. पण मांडवाला खरंच आग लागली होती की नाही, हे त्या दिवशी कुणी वळून पाहिलं होतं का? म्हणीत त्याचा काही उल्लेख नाही. माझा अंदाज आहे, लागली असावी. वऱ्हाडातल्या आणखी चार जणांना धुराचा वासही आला असणार. ते अक्षता हातात धरून, कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत उभे असणार.

आमच्याकडचा मांडव मागच्या दसऱ्याला घातला होता.

एका कस्टमरच्या नव्या पार्टसाठी वेल्डिंगची नवी लाइन टाकायची होती. साहेब कस्टमरकडं जाऊन तारीख देऊन आले होते : दसऱ्याला शुभारंभ, त्याच आठवड्यात पहिला लॉट. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. फिक्स्चर राजकोटला बनत होतं आणि तिथला माणूस फोनवर "बस, दो दिन में" असं महिनाभर सांगत होता. विजेचा वाढीव लोड मंजूर व्हायचा होता. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊंचा गणपती त्या दिवशी मोदकांपर्यंत आला होता.

साहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं आणि क्वालिटीच्या मॅडम बोलल्या. "सर, एक विचारू का? फिक्स्चर आल्यावर ट्रायलला आपण किती दिवस धरलेत? मागच्या पार्टला बारा दिवस लागले होते. पूजा दसऱ्यालाच करू. फक्त पहिला लॉट दिवाळीनंतर देतो असं कस्टमरला आत्ताच सांगितलं, तर चालेल का?"

विरोध कसा करावा याची हल्ली दोन-दोन दिवसांची ट्रेनिंगं होतात, जेवणासकट. या पाच वाक्यांत ते सगळं आलं होतं. "जमणार नाही" असं मॅडम म्हणाल्याच नाहीत; प्रश्न विचारला. हवेत बोलल्या नाहीत. आपल्याच कारखान्यातला आकडा दिला. नुसतं नको म्हणून थांबल्या नाहीत, पर्याय ठेवला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, साहेबांचा मुहूर्त त्यांच्यापाशी राहू दिला. वरिष्ठाचा निर्णय बदलायला फारसं लागत नाही, पण तो बदलताना त्याला उभं राहायला जागा लागते.

साहेब थांबले. खरंच थांबले, मी पाहिलंय. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि विचारलं, "बाकीच्यांचं काय?"

दुसऱ्या कुणी तेव्हा "मॅडमचं बरोबर वाटतंय सर" एवढं म्हटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण टूल रूमवाल्यानं मोबाइल उलटा ठेवला, मग सुलटा ठेवला. मेंटेनन्सवाला छताकडं बघत होता. छत त्याच्याच खात्यात येतं. भाऊंनी उंदीर काढायला घेतला.

"बघा मॅडम," साहेब म्हणाले, "बाकी सगळ्यांना जमतंय. पॉझिटिव्ह राहायचं."

मी मिनिट्समध्ये लिहिलं : 'क्वालिटी विभागाने शंका उपस्थित केली. सविस्तर चर्चेअंती दसऱ्याची तारीख कायम करण्यात आली.' सविस्तर चर्चा म्हणजे ती शांतता.

मीटिंग संपल्यावर जिन्यात मॅडमभोवती गर्दी झाली. "मॅडम, बरं झालं बोललात." "अहो, कुणीतरी बोलायलाच हवं होतं." टूल रूमवाल्यानं तर ट्रायलला बारा नव्हे, पंधरा दिवस लागतील असं त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "दादा, हे आत सांगायचं होतं. तिथं बसायला खुर्चीही होती."

दसरा थाटात झाला. झेंडूची तोरणं, मशीनला हार, नारळ, पेढे. फिक्स्चर आदल्या रात्री राजकोटहून येऊन थेट लाइनवर चढलं होतं. साहेबांनी हिरवं बटण दाबलं, टाळ्या पडल्या, पहिला पार्ट बाहेर आला. त्याला कुंकू लावून फोटो काढण्यात आला. मग मॅडमनी तो गेजवर ठेवला. भोक दोन मिलिमीटर सरकलेलं होतं. त्या दिवसाचा सगळा माल आपट्याच्या पानांसकट लाल बिनमध्ये गेला. कुंकू लावलेला रिजेक्ट पार्ट मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

पुढं कस्टमरनं रूट कॉज मागितलं. पाच वेळा 'का?' विचारून मुळाशी जायचं, अशी ती पद्धत. पाचव्या 'का'ला उत्तर निघालं : ऑपरेटरचे प्रशिक्षण अपुरे. आमच्याकडं कुठल्याही विहिरीत उतरलं तरी तळाशी ऑपरेटरच सापडतो. आणि त्याच आठवड्यात टपरीवर 'मी तेव्हाच म्हणालो होतो' पंथाचा मोठा मेळावा भरला. सगळेच तेव्हाच म्हणाले होते. मी मिनिट्स चाळून पाहिली. एकट्या मॅडमची नोंद सापडली, तीही 'शंका' म्हणून.

या प्रकरणात सगळ्यांनी मॅडमच्या धाडसाचं कौतुक केलं. मला मात्र प्रश्न पडला तो दुसऱ्या माणसाचा. पहिला बोलणारा आपल्याकडं अधूनमधून निघतो. नाऱ्यांची पैदास अगदीच थांबलेली नाही. दुसरा मात्र कुठं मिळत नाही.

वास्तविक महाराष्ट्राइतकी अनुमोदनाची परंपरा दुसरीकडं कुठं नसेल. इथं भिशी मंडळापासून साहित्य संस्थेपर्यंत कुठलीही सभा अनुमोदनाशिवाय सुरू होत नाही. पत्रिकेत अध्यक्षांचं नाव छापलेलं असतं, अध्यक्ष स्वतः मधल्या खुर्चीत येऊन बसलेले असतात, त्यांचा हार समोर ताटात असतो. तरीही एक जण उठून "यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो" म्हणतो आणि दुसरा उठून "मी या सूचनेला अनुमोदन देतो" म्हणतो. मगच ते अध्यक्ष होतात. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत तर विषय वाचून संपायच्या आत मंडपाच्या मागच्या भागातून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो. कधीकधी विषय वाचायला सुरुवात होण्याआधीच. ज्या गोष्टी कुणी अडवणारच नसतं त्यांना आपण सूचक-अनुमोदक देतो. आणि ज्याला खरी गरज असते तो विरोध करणारा तेवढा एकटा उभा.

एक अनुमोदक किती काम करतो, हे अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींतली कुठली पहिलीएवढी आहे, ते सांगायचं. बालवाडीतलं पोर सांगेल इतकं सोपं. पण खोलीत एकच माणूस खरा. बाकी सगळे ॲशनं पढवून बसवलेले. ते एकामागून एक शांतपणे चुकीची रेघ सांगत. त्यांचं ऐकून खऱ्या माणसांनी सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांदेखत चुकीचं उत्तर दिलं. चारांतल्या तिघांनी एकदा तरी मान तुकवली. लक्षात घ्या, इथं साहेब नव्हते, अप्रेझल नव्हतं, हप्ता नव्हता. नुसती अनोळखी माणसं आणि रेघा.

मग ॲशनं एक बदल केला. पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे चुकीचंच सांगत होते. त्या एका सोबत्यानं चुकीच्या उत्तरांचं प्रमाण धाडकन खाली आलं.

१९७१मध्ये व्हर्नन ॲलन आणि जॉन लेव्हाइन या दोघांनी यावर कडी केली. त्यांच्या प्रयोगात सोबती होता जाड भिंगांच्या चष्म्याचा. याला समोरचं धड दिसत नाही, हे बाकीच्यांना आधीच कळेल अशी व्यवस्था केलेली. आणि प्रश्न नजरेचे! तरीही त्या अर्धवट दिसणाऱ्या माणसाच्या आधारानं पुष्कळांना आपल्याला दिसतंय ते बोलायचा धीर आला. म्हणजे अनुमोदकाला विषय कळायलाच हवा, अशीही अट नाही. या निकषावर आमच्या टेबलाभोवतीचा प्रत्येक जण पात्र ठरतो. मीसुद्धा.

अनुमोदक वेळेवर मिळाला नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात आहे. २८ एप्रिल १९७६. देशात आणीबाणी. सरकारनं एखाद्याला बेकायदा डांबलं तर त्याला आणीबाणीत न्यायालयाकडं दाद मागता येते का, असा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढं होता. चौघांनी सांगितलं, नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना म्हणाले, येते. पुढच्या जानेवारीत ज्येष्ठतेनं सरन्यायाधीशपद त्यांच्याकडं यायला हवं होतं. ते त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांत एक होते पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड. २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. खन्नांना अनुमोदन मिळालं ते ४१ वर्षांनी, आणि तेही विरुद्ध मत देणाऱ्याच्या घरातून. कारखान्याला इतकं थांबणं परवडत नाही. कस्टमर महिन्यात निघून जातो.

कारखान्यांच्या जगात हे कोडं टोयोटानं सोडवलंय. त्यांच्या लाइनच्या कडेनं एक दोरी असे. काही चुकतंय असं दिसलं की कुठल्याही कामगारानं ती ओढायची. दोरी ओढताच अख्खी लाइन थांबते असा बाहेर समज आहे, पण तसं नाही. आधी दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत त्या कामगारापाशी येतो. दोघं मिळून बघतात. तेवढ्यात सुटलं नाही, तरच लाइन थांबते. म्हणजे ती दोरी आधी अनुमोदक बोलावते, मग विरोध नोंदवते.

एका सल्लागाराच्या सांगण्यावरून आमच्याकडंही तशी दोरी लावण्यात आली होती. महिनाभरात ती वर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बांधण्यात आली. चुकून कुणी ओढू नये म्हणून.

आता कुणी म्हणेल, बोलणाऱ्या प्रत्येकाला अनुमोदन द्यायचं का? अजिबात नाही. आमच्या परचेसच्या काकांचंच घ्या. काकांनी कम्प्युटरला विरोध केला, ईआरपीला केला, पंचिंग मशीनला केला, पाण्याच्या कूलरलाही केला. शंभरांत पाच वेळा काकांचं बरोबर असतं. ती पाच कुठली, हे मात्र त्यांच्यासकट कुणालाच सांगता येत नाही. रोज आग लागली म्हणणाऱ्या नाऱ्याला खऱ्या आगीच्या दिवशी कुणी विचारत नाही. विरोध जपून, निवडून आणि आकड्यानिशी करायचा असतो. शक्य तर मीटिंगच्या आधी साहेबांना केबिनमध्ये गाठून कानावर घालायचा असतो. कस्टमरच्या देखत घातला तर तो अपमान ठरतो. आणि एवढं करूनही निर्णय उलटा गेला, तर बाह्या सरसावून तो निर्णय तडीस न्यायचा असतो. मॅडम दसऱ्याच्या आधी दोन आठवडे सेकंड शिफ्टला थांबत होत्या. तेव्हाच म्हणालेल्यांपैकी तिथं कुणी दिसलं नाही.

अनुमोदकाचं काम त्यामानानं सोपं आहे, फक्त त्याला वेळेचं भान हवं. अनुमोदन त्याच खोलीत आणि शांतता घट्ट व्हायच्या आत द्यावं लागतं. जिन्यातलं धरलं जात नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा धरला जात नाही. नुसती मान हलवलेली तर मुळीच नाही, कारण आपल्याकडं मान अशी हलते की दोन्ही पक्ष ती आपल्या बाजूनं हलली असं समजून खूश होतात. "साहेब चुकले" असं म्हणायचीही गरज नाही. "त्या बारा दिवसांचं काय, ते जरा पुन्हा सांगा ना मॅडम" एवढं पुरतं. पहिल्यानं उघडलेलं दार पुन्हा लागू नये म्हणून मध्ये पाय ठेवायचा, इतकंच.

अर्थात अनुमोदक मिळाला की विरोध जिंकतोच, असं म्हणायची सोय आपल्याला इतिहासानं ठेवलेली नाही. पानिपतच्या आधी सूरजमल जाटानं भाऊसाहेबांना सुचवलं होतं, की जड तोफा, बायकामुलं आणि बाजारबुणगे मागं ठेवा आणि सडे होऊन लढा. मल्हारराव होळकरांचंही तेच मत होतं, असं सांगतात. दोघं अनुभवी, मुद्दा पक्का, पर्याय तयार. तरी व्हायचं ते झालं. ऐकणाऱ्यानं आधीच ठरवलं असेल तर सूचक-अनुमोदकांची अख्खी फौज घेऊन गेलात तरी पानिपत चुकत नाही.

म्हणून निम्मं काम वरच्या खुर्चीचं. प्राचीन ज्यू लोकांच्या न्यायमंडळात देहदंडाचा खटला असला की मतं कनिष्ठ न्यायाधीशांपासून घ्यायला सुरुवात होई. ज्येष्ठाचं आधी ऐकलं तर धाकटा त्याच्याविरुद्ध बोलणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्याकडं साहेब आधी तारीख सांगतात, मग तिचे फायदे सांगतात, मग मत विचारतात. गॅरी क्लाइन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तर काम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना कागद देऊन सांगतात : हे काम सपशेल फसलंय असं धरा आणि का फसलं ते लिहा. म्हणजे नाऱ्याला मानानं बोलावून, पाट मांडून, "बोल बाबा, मांडवाला आग कशी लागली?" असं विचारायचं. मग तो अपशकुन राहत नाही, अजेंड्यावरचा विषय होतो.

पण माझ्या आवडीची गोष्ट जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांची. व्यवस्थापनाचे गुरू पीटर ड्रकर ती सांगत. एका मोठ्या निर्णयावर स्लोन यांच्या समितीत सगळ्यांचं एकमत झालं. स्लोन म्हणाले, तर मग हा विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब करू. मतभेद व्हायला आणि विषय नीट कळायला तेवढा वेळ मिळेल.

ही गोष्ट मी साहेबांना ऐकवली. दसऱ्याचा माल अजून लाल बिनमध्ये पडून होता, त्यामुळं त्यांनी ऐकून घेतली. मग मी हळूच माझी सूचना सरकवली. यापुढं कुणी एखाद्या निर्णयाला विरोध केला की साहेबांनी विचारायचं, "अनुमोदन कोण देतंय?" अनुमोदक मिळाला तर त्या मुद्द्यावर दहा मिनिटं चर्चा सक्तीची, आणि मिनिट्समध्ये दोघांची नावं. साहेबांना कल्पना पटली. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी ती मांडली आणि पुढं विचारलं, "काय वाटतं?"

सगळ्यांना ती उत्तम वाटली. भाऊंनी सोंड काढायला घेतली.

साहेब क्षणभर घुटमळले. "एकमत आहे? मग पुढच्या सोमवारी ठेवू. तोवर विरोध शोधून आणा."

हे नवीन होतं. खोलीत चुळबुळ झाली. मग क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, पुढच्या सोमवारपर्यंत कशाला? मला आत्ताच एक अडचण दिसते. दहा मिनिटं सगळ्यांनाच सक्तीची केली, तर पोह्यांवरही दहा मिनिटं जातील आणि मशीनलाही दहाच मिळतील. सक्ती फक्त मोठ्या खर्चाच्या आणि तारखेच्या विषयांना ठेवू या का?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणि हौसेनं विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?"

टूल रूमवाल्यानं मोबाइल उलटा ठेवला. मेंटेनन्सवाला छत तपासू लागला. आणि भाऊंनी, सोंड अर्धी आणि कान एकच झालेला असताना, पेनचं टोपण लावलं. "मॅडमचं बरोबर आहे साहेब," ते म्हणाले. "पोह्यांना दोन मिनिटं पुष्कळ झाली."

त्यावर परचेसचे काका उठले. त्यांचा मॅडमना विरोध होता, भाऊंना विरोध होता आणि मूळ नियमालाही विरोध होता. डिस्पॅचवाल्यानं काकांच्या तिन्हींपैकी एकाला अनुमोदन दिलं, फक्त कुठल्या ते सांगितलं नाही. टूल रूमवाल्यानं, कुणीही विचारलं नसताना, ट्रायलचे पंधरा दिवस मोठ्यानं जाहीर केले. मी इतक्या घाईनं कधी लिहिलं नव्हतं. शेवटी साहेबांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं : 'अनुमोदकाच्या नियमाला क्वालिटी विभागाने दुरुस्ती सुचवली. स्टोअर विभागाने अनुमोदन दिले. परचेस विभागाने नियमास विरोध केला. चर्चा चालू.'

"अरे, म्हणजे नियम चालतो की!" साहेब खुर्चीत पुढं सरकत म्हणाले. "मग दुरुस्तीसकट मंजूर करायचा का?"

आणि ज्यांनी आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं, त्या मागच्या खुर्च्यांवरून एका सुरात आवाज आला : "मंजूर, मंजूर!"